हस्तलाघव : बास्केटबॉलमधील फेंकीची कथा

महाभारतांतील एकलव्याची कथा सांगणारे बहुधा गुरुदक्षिणेच्या अंगठ्यापाशीं येऊन थांबतात. त्याच्या आधींचा प्रसंग मात्र थोडक्यांत आटोपला जातो. पांडवांबरोबर आलेला कुत्रा अरण्यांत एकलव्यास पाहून भुंकूं लागला आणि त्याचें उघडें तोंड मिटण्यापूर्वींच सात बाण त्यांत जाऊन बसले. तें पाहून पांडव खजील झाले. नेम अर्जुनाचाही अचूक होता. पण एका क्षणांत सात बाण सुटावे, ही गोष्ट त्यांनीं पूर्वीं पाहिली नव्हती. धनुर्विद्येंत या गुणास हस्तलाघव म्हणतात. पुढें अंगठा गेल्यावर एकलव्यास बाण सोडतांच येईना, असें महाभारतकार म्हणत नाहींत. उरलेल्या बोटांनीं तो बाण सोडूं लागला. परंतु पूर्वींचें शीघ्रत्व त्याच्या हातीं राहिलें नाहीं, एवढेंच तेथें सांगितलें आहे.

नेम साधणें ही एक विद्या आणि प्रतिस्पर्धी सावध होण्याच्या आंत नेम साधणें ही दुसरी. समोर अडविणारा कोणी नसेल, तर पहिलीवर काम भागतें. अडविणारा हात उगारून उभा असला, म्हणजे दुसरीवांचून पहिलीचें मोल राहत नाहीं. बास्केटबॉल या खेळांत ही दुसरी विद्या कशी जन्मास आली, तिला कोणीं नाकें मुरडलीं, आणि ती साधण्यासाठीं कोणास काय सोसावें लागलें, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हा खेळ उंच माणसांचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यांतील हस्तलाघवाचे कांहीं मोठे शोध ज्यांनीं लावले, तीं उंचीनें कमी पडणारीं मुलें होतीं.

खेळाचा जन्म झाला तो १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची एक शिक्षणशाळा होती. हिंवाळ्यामुळें मैदानी खेळ बंद पडलेले, आणि व्यायामशाळेंतील त्याच त्या कवायतीस वर्गांतील अठरा विद्यार्थी कंटाळलेले. त्यांना रमविण्याचें काम जेम्स नेस्मिथ या कॅनडांतून आलेल्या शिक्षकाकडे सोंपविण्यांत आलें. फुटबॉलसारख्या खेळांत धसमुसळेपणा कां येतो, याचा नेस्मिथ यांनीं विचार केला. गोल जमिनीवर उभा असला, म्हणजे चेंडू जितक्या जोरानें मारावा तितकें चांगलें. आणि जोर आला, कीं हातपाय मोडणेंही आलेंच. तेव्हां गोल आडवा करून डोक्यांच्या वर टांगला, तर जोराचा उपयोग राहणार नाहीं. चेंडू कमानीनें वर चढून हलकेच खालीं उतरला, तरच तो आंत पडेल. लहानपणीं नेस्मिथ मोठ्या शिळेवर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडानें पाडण्याचा एक खेळ खेळत. त्यांतही नेटानें भिरकावण्यापेक्षां कमानीनें टाकलेला दगड अधिक सोयीचा ठरे. ती आठवण या वेळीं कामास आली. व्यायामशाळेच्या सज्ज्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यांत आल्या. सज्जा जमिनीपासून १० फूट उंच होता. म्हणून आजही जगांत सर्वत्र मोठ्यांच्या खेळांत कडें १० फुटांवरच असतें. २१ डिसेंबर रोजीं दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी घेऊन पहिला सामना झाला. सबंध सामन्यांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. त्या पहिल्या वर्गांतील डंकन पॅटन हा विद्यार्थी १८९४ सालीं धर्मप्रचारक म्हणून हिंदुस्थानांत आला आणि त्याच्याबरोबर हा खेळही येथें येऊन पोंचला.

नेस्मिथ यांच्या या युक्तींतच पुढील साऱ्या इतिहासाचें बीज होतें. जोर निरुपयोगी ठरला, म्हणजे नाजुकपणास महत्त्व आलें. आणि नाजुक काम करावयाचें तर माणसास स्वस्थता हवी. यामुळें पुढें सुमारें चाळीस वर्षें चेंडू टाकण्याची जी रीत सर्वमान्य झाली, ती स्वस्थपणाचीच होती. तिला 'सेट शॉट' म्हणत. मराठींत तिला ठाण मांडून केलेली फेंक म्हणतां येईल. खेळाडू थांबे, दोन्ही पाय जमिनीवर रोवी, चेंडू दोन्ही हातांनीं छातीपाशीं धरी, गुडघे वाकवून चेंडू किंचित् खालीं नेई, आणि मग पाय, कंबर, खांदे व मनगटें यांचा जोर एकवटून तो वर सोडी. ही रीत मूर्खपणाची होती असें कोणीं समजूं नये. त्या वेळचा चामडी चेंडू वादीनें शिवलेला असे, आणि तो एका हातांत सहज ठरत नसे. दोन हातांनीं तोल सांभाळला जाई, पायांच्या जोरानें पंचवीस फुटांवरूनही चेंडू कड्यापर्यंत पोंचे, आणि कोणी अडविलें नाहीं, तर नेमही उत्तम बसे.

अडचण होती ती या 'कोणी अडविलें नाहीं तर' या शब्दांत. चेंडू छातीपासून निघे, म्हणजे अडविणाऱ्याच्या हाताच्या बरोबर टप्प्यांतून त्याचा प्रवास सुरू होई. शिवाय थांबणें, पाय रोवणें, वाकणें आणि सोडणें हीं सारीं कामें एकामागून एक होत, आणि प्रत्येकाबरोबर प्रतिस्पर्ध्यास सूचना मिळत जाई. म्हणून संघ चेंडू एकमेकांस देत, घेत, फिरवीत बसत, तो एखादा गडी मोकळा सांपडेपर्यंत. प्रत्येक गोलानंतर खेळ पुन्हां मध्यावरून, दोघां खेळाडूंच्या उडीनें सुरू होई. सामन्यांत एका बाजूचे वीस-तीस गुण झाले, तर पुष्कळ झाले असें समजलें जाई. प्रशिक्षकांना हें सारें शिस्तीचें वाटे. ज्या गोष्टीस चाळीस वर्षें शिस्त म्हटलें जातें, तिच्याविषयीं शंका घेणें सहसा कोणास सुचत नाहीं.

ती शंका न घेतांच एका मुलानें ती रीत मोडली. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत अँजेलो लुइसेटी या नांवाचा एक मुलगा होता. सर्व त्यास हँक म्हणत. घराजवळच्या क्रीडांगणावर तो आपल्याहून मोठ्या मुलांत खेळे. दोन्ही हातांनीं छातीपासून चेंडू सोडूं गेलें, तर मोठीं मुलें तो वरच्यावर हिसकावीत. म्हणून त्यानें धांवतां धांवतांच चेंडू खांद्याच्या वर नेऊन एका हातानें सोडण्याचा परिपाठ ठेवला. पश्चिमेकडील कांहीं खेळाडू आधींही एका हातानें चेंडू टाकीत. परंतु लुइसेटीच्या हातीं ती फेंक मुख्य शस्त्र बनली. स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेल्यावर तेथील प्रशिक्षक जॉन बन यांनीं ती बदलण्याचा आग्रह धरला नाहीं. एवढा एक मोठेपणा त्यांनीं दाखविला, म्हणून पुढचा इतिहास घडला.

३० डिसेंबर १९३६ रोजीं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें स्टॅनफर्डची गांठ लाँग आयलंड विद्यापीठाशीं पडली. लाँग आयलंडचा संघ त्यापूर्वीं सलग ४३ सामने जिंकलेला होता, आणि पूर्वेकडील खेळ हाच खरा खेळ, अशी न्यू यॉर्ककरांची समजूत होती. त्या रात्रीं स्टॅनफर्डनें ४५ विरुद्ध ३१ गुणांनीं सामना जिंकला. लुइसेटीनें एकट्यानें १५ गुण मिळविले. अडविणारे त्याच्या ठाण मांडण्याची वाट पाहत आणि तो ठाण मांडीतच नसे. ते हात वर करीत तोंवर चेंडू सुटलेला असे. प्रेक्षकांनीं परक्या संघाच्या या खेळाडूस टाळ्यांच्या गजरांत निरोप दिला. प्रशिक्षकांचें मत मात्र इतक्या लवकर पालटलें नाहीं. न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजचे नामांकित प्रशिक्षक नॅट होल्मन यांनीं या फेंकीचा उघड निषेध केला. आपलीं मुलें असें खेळूं लागलीं, तर आपण शिकविणेंच सोडून देऊं, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १ जानेवारी १९३८ रोजीं लुइसेटीनें ड्युकेन विद्यापीठाविरुद्ध एका सामन्यांत ५० गुण मिळविले. तोंवर देशभरच्या क्रीडांगणांवर मुलें एका हातानें चेंडू टाकूं लागलीं होतीं. मुलांनीं निकाल दिला होता. प्रशिक्षकांची सही तेवढी व्हावयाची राहिली होती.

याच सुमारास, १९३७ सालीं, प्रत्येक गोलानंतरची मध्यावरची उडी नियमांतून काढण्यांत आली आणि खेळास एकाएकीं गति आली. आतां संथपणास पूर्वींइतका आसरा राहिला नाहीं. तरीही लुइसेटीच्या फेंकींत एक उणीव होती. ती धांवत्या माणसाची फेंक होती. अडविणारा पुढ्यांत येऊन उभा ठाकला आणि तो हातभर उंच असला, तर काय करावें, या प्रश्नाचें उत्तर तिच्यांत नव्हतें.

तें उत्तर वायोमिंग राज्यांतील एका शेतांत सांपडलें. हिल्सडेल या लहानशा गांवाजवळ सेलर्स कुटुंबाचें शेत होतें. १९३४ सालची गोष्ट. अवर्षणानें आणि मंदीनें तो सारा मुलूख होरपळत होता. शेतांतील पवनचक्कीच्या सांगाड्यास एक कडें ठोकलेलें होतें, आणि त्याच्याखालीं, उघड्या मातींत, दोघे भाऊ खेळत. थोरला बड पांच वर्षांनीं मोठा आणि साडेसहा फुटांच्या जवळपास उंच. धाकटा केनी तेरा वर्षांचा आणि ठेंगणा. केनीनें कसाही चेंडू टाकावा आणि बडनें हात उंचावून तो अडवावा, असें चाललें होतें. शेवटीं एके दिवशीं केनी चेंडू आपटीत भावाच्या अगदीं जवळ गेला, गपकन् थांबला, आणि जेवढें उडतां येईल तेवढें सरळ वर उडून त्यानें भावाच्या हातावरून चेंडू सोडला. बडनेंच मग त्यास सांगितलें, कीं ही फेंक चांगली आहे, हिचा अभ्यास कर. केनी म्हातारपणींही ही आठवण सांगत असे. त्याला गुरु असा लाभला तो हाच. आणि गुरुदक्षिणा म्हणून त्यानें अंगठा मागितला नाहीं, एवढें त्याचें भाग्य.

या उडीचें मर्म काय, हें थोड्या गणितानें कळतें. डोळ्यांनीं पाहिलेल्या हालचालीस उत्तर देण्यास निरोगी माणसास सुमारें पाव सेकंद लागतो. दोन फूट उंच उडणारा माणूस जमीन सोडल्यापासून सुमारें एक तृतीयांश सेकंदांत शिखरास पोंचतो. केव्हां उडावयाचें हें फेंकणारा स्वतः ठरवितो. अडविणाऱ्यास तें पाहूनच कळतें. म्हणजे फेंकणारा शिखरावर असतो, तेव्हां अडविणाऱ्याचे पाय नुकतेच जमिनीवरून सुटत असतात. त्या एका क्षणापुरता पांच फूट सात इंचांचा मुलगा साडेसहा फुटांच्या माणसाहून उंच होतो. जी उंची निसर्गानें दिली नाहीं, ती केनीनें अशा रीतीनें काळापासून उसनी घेतली.

पाय जमिनीवरून सुटले म्हणजे तोल गेला, ही त्या काळच्या प्रशिक्षकांची पहिली शिकवण. वायोमिंग विद्यापीठांतील प्रशिक्षक एव्हरेट शेल्टन यांनीं मात्र केनीस त्याच्या रीतीनें खेळूं दिलें. ३० मार्च १९४३ रोजीं, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें, वायोमिंगनें जॉर्जटाउनचा ४६ विरुद्ध ३४ गुणांनीं पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. सेलर्सनें १६ गुण केले आणि तो स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. दोनच दिवसांनीं रेड क्रॉसच्या मदतीसाठीं झालेल्या सामन्यांत वायोमिंगनें सेंट जॉन्स या न्यू यॉर्कच्या संघासही हरविलें. मग युद्ध आलें. सेलर्स नौसैनिकांच्या पलटणींत दाखल झाला आणि युद्ध संपल्यावर परतला. १९४६ सालीं 'लाइफ' साप्ताहिकांत त्याचें छायाचित्र प्रसिद्ध झालें: खेळाडू हवेंत आहे आणि चेंडू डोक्याच्या वर. अक्षरशः लाखों घरांत तें चित्र गेलें. शब्दांनीं वर्षानुवर्षें सांगूनही जें पटलें नसतें, तें एका चित्रानें पटविलें. तरी त्याच वर्षीं व्यावसायिक संघांत गेल्यावर तेथील प्रशिक्षकानें त्यास ही फेंक सोडून दोन्ही हातांची फेंक शिकावयास सांगितलें. तो प्रशिक्षक हंगाम संपण्यापूर्वींच बदलला गेला आणि फेंक राहिली.

उडी मारून चेंडू टाकणारा आपण पहिलाच, असा सेलर्सचा दावा नव्हता, आणि तसा कोणाचाच करतां येणार नाहीं. एकच निकड निरनिराळ्या ठिकाणीं निर्माण झाली, म्हणजे एकच युक्ति अनेकांना सुचते. केंटकीचा जो फल्क्स हा उडी घेऊन, अंग वळवून चेंडू टाकी. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं त्यानें एका व्यावसायिक सामन्यांत ६३ गुण मिळविले. फिलाडेल्फियाच्या पॉल अरिझिन यास उडी सुचली ती निसरड्या जमिनीमुळें. तो ज्या सभागृहांत खेळे तेथें नाचही होत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरे. म्हणून पाय उचलूनच चेंडू सोडणें त्यास अधिक बेताचें वाटलें. १९५१-५२ च्या हंगामांत व्यावसायिक खेळाडूंत सर्वाधिक गुण याच अरिझिनचे होते.

उरलेलें काम घड्याळानें केलें. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेनच्या संघानें मिनियापोलिसच्या महाकाय जॉर्ज मायकनला चेंडू मिळूंच नये, म्हणून तो सबंध सामनाभर आपल्यापाशीं दडवून ठेवला. सामना १९ विरुद्ध १८ गुणांनीं संपला आणि प्रेक्षक संतापले. असे प्रकार थांबावे म्हणून १९५४ सालीं सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या पुरस्कारानें नवा नियम झाला. चांगल्या सामन्यांत दोन्ही बाजू मिळून सुमारें १२० वेळां चेंडू टाकला जातो. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागाकार केला, तर २४ येतात. इतक्या सेकंदांत चेंडू कड्याकडे टाकलाच पाहिजे, असें ठरलें. आतां मोकळा गडी सांपडण्याची अनंत काळ वाट पाहण्याची सोय राहिली नाहीं. अडविणाऱ्याच्या नाकासमोर चेंडू सोडतां येणें ही हौस न राहतां गरज झाली, आणि ठाण मांडून केलेली फेंक थोड्याच वर्षांत मैदानावरून नाहींशी झाली.

यानंतरचा मोठा पालट दुरून झाला. अमेरिकेंतील मुख्य व्यावसायिक मंडळानें १९७९ सालीं दूरच्या रेषेबाहेरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचें ठरविलें. ही रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे. एवढ्या अंतरावरून उडीच्या शिखरावर स्थिरावून चेंडू टाकूं गेलें, तर पायांचा जोर तोंवर ओसरलेला असतो आणि सारा भार एकट्या हातावर पडतो. म्हणून दुरून टाकणारे चेंडू उडी चढत असतांनाच सोडूं लागले. त्यांत थोडी उंची गमावली, पण जोर आणि वेळ दोन्ही मिळालीं.

या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू स्टीफन करी. त्याचा बाप डेल करी हा स्वतः नामांकित व्यावसायिक खेळाडू आणि दुरून नेम साधण्यांत वाकबगार. मुलगा शाळेंत असतांना अंगानें किरकोळ होता. चेंडू कड्यापर्यंत पोंचावा, म्हणून तो कमरेपासून उचलून फेंकी, आणि शाळेपुरता त्याचा नेम उत्तमच होता. पण बापानें ओळखलें, कीं इतक्या खालून निघालेला चेंडू पुढें मोठ्या खेळाडूंसमोर निभावणार नाहीं. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, एका उन्हाळ्याच्या सुटींत, त्यानें मुलाची फेंक मोडून पुन्हां पहिल्यापासून बांधण्यास घेतली. चेंडू कपाळाच्या वरून सुटला पाहिजे, हा नवा नियम. दुबळ्या हातांना तो पेलवेना. पुष्कळ आठवडे मुलास कड्याच्या अगदीं जवळून टाकण्यापलीकडे कांहींच साधेना. जी गोष्ट त्यास उत्तम येत होती, ती आतां मुळींच येत नव्हती, आणि नवी येईल याची खात्री कोणीं द्यावी? तो उन्हाळा आपल्यास फार जड गेला, असें करीनें पुढें सांगितलें आहे. चांगलें येत असलेलें टाकून अधिक चांगल्यासाठीं कांहीं काळ नवशिक्या होणें, ही गोष्ट दुसऱ्याच्या मुलास सांगणें सोपें असतें. स्वतःच्या मुलास तसें करावयास लावणाऱ्या बापाची छातीही येथें लक्षांत घेतली पाहिजे. त्या उन्हाळ्यांतून जी फेंक निघाली, तिचा चेंडू हातांत आल्यापासून अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळांत सुटतो.

हें लाघव कसें साधतें, असें विचारल्यास पुष्कळांस वाटतें, कीं हात अधिक वेगानें हलवावा लागत असेल. तसें नाहीं. घाईनें हात हलविला, तर चेंडू भरकटतो. इतिहास पाहिला, तर प्रत्येक पिढीनें हात हलविण्याचा वेग वाढविला नाहीं. मधलें एकेक काम कमी केलें. लुइसेटीनें थांबणें आणि दुसऱ्या हाताचा जोर टाकून दिला. सेलर्सनें जमिनीवर पाय रोवणें टाकलें. करीनें चेंडू खालून आणणें आणि शिखरावर थबकणें हीं दोन्ही टाकलीं. आजच्या उत्तम खेळाडूचे गुडघे चेंडू येण्यापूर्वींच वाकलेले असतात, पाय कड्याच्या रोखानें ठेवलेले असतात, आणि हात चेंडूची वाट पाहत वर असतात. चेंडू आला, म्हणजे सोडणें एवढेंच काम उरतें. जी त्वरा प्रेक्षकांस दिसते, ती आधींच्या तयारींत असते. आणि तो तयारीचा काळ, रिकाम्या मैदानावरचे हजारों तास, प्रेक्षकांस कधींच दिसत नाहीं.

केनी सेलर्स ३० जानेवारी २०१६ रोजीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं वारला. त्याच हंगामांत स्टीफन करीनें तीन गुणांचे ४०२ चेंडू टाकून नवा उच्चांक केला. पुढें १४ डिसेंबर २०२१ रोजीं करीनें रे ॲलनचा २९७३ चा सर्वकालीन उच्चांक ओलांडला, तो न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें. ज्या वास्तूंत लुइसेटी आणि सेलर्स खेळले, ती ही नव्हे. नांव मात्र तेंच. तेथें एके काळीं एका हाताची फेंक पाहून जाणत्यांनीं हा खेळच नव्हे म्हणून मान फिरविली होती. त्या दिवशीं त्याच नांवाच्या सभागृहांत परक्या संघाच्या खेळाडूसाठीं सामना थांबविण्यांत आला, आणि सारे प्रेक्षक उभे राहिले. वायोमिंगच्या शेतांत धाकट्या भावास मोठ्या भावाच्या हातावरून एक चेंडू टाकावयाचा होता, त्याहून अधिक कांहीं नको होतें.